धुऱ्यावरचा जळका मोह

मी मोह. मोहाडी तालुक्यातल्या एका गावाबाहेर, धानाच्या बांद्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या मधून जो रुंद धुरा, म्हणजे बांध जातो, त्यावर उभा असलेला. पांदणीनं आलात की सगळ्यात आधी मीच दिसतो, कारण आसपास माझ्याएवढं उंच दुसरं काहीच नाही. या उंचीचा मला फार ताठा होता.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी जळका आहे. आपल्याकडे या शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि मला दोन्ही लागू पडतात. विजेनं जळलो ते अलीकडे. मनातून जळत आलोय ते त्याच्या कितीतरी आधीपासून.

मला कुणी लावलं नाही. इथं पूर्वी सगळी झाडीच होती. या शेताचा आजचा मालक दादाजी, त्याच्या आज्यानं ती साफ करून बांद्या केल्या. साग गेला, धावडा गेला, तेंदू गेला. मला मात्र त्यानं हात लावला नाही. मोह सहसा कुणी तोडत नाही. चैतात फुलं, पुढं टोळ म्हणजे फळं, त्यांच्या बियांचं तेल. देणारं झाड म्हणजे घरची गायच. आजा गेला, त्याचा मुलगा गेला, आणि बांद्यांबरोबर मी दादाजीच्या वाट्याला आलो.

दादाजी लहानपणापासून माझ्या अंगाखांद्यावर वाढला. लग्न झाल्यावर सत्यभामाबाईला त्यानं पहिल्यांदा शेत दाखवायला आणलं, तेव्हा माझ्या बुंध्यावर थाप मारून म्हणाला, "हा आमच्या घरचा मोठा माणूस." ती बिचारी डोक्यावरचा पदर सावरून माझ्या पाया पडली. पुढं सचिन झाला. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ती माझ्या खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधायची आणि चिखलात उतरायची. वारा आला की मी झोळी हलवायचो. वारा नसला तरी हलवायचा प्रयत्न करायचो.

त्या दिवसांत मला कुणाचाच हेवा वाटत नव्हता. हेवा वाटायला दुसरं कुणीतरी असावं लागतं.

रोवण्याला बाया आल्या की त्यांच्या शिदोऱ्या माझ्या फांद्यांना लटकत. दुपारी सगळ्या माझ्याखाली बसत. भात, लाखोळीची डाळ, आंबाडीची भाजी, आणि बोलणं तर विचारूच नका. कुणाची सासू कशी, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, सगळं मला पाठ. पण मला सगळ्यात आवडायची ती वेगळीच वेळ. आभाळ काळं झालं, ढग वाजले, की चिखलातून पाय उपसत सगळ्या माझ्याकडे पळत यायच्या. डोक्यावर पन्नी धरून, एकमेकींना बिलगून, पाठी माझ्या बुंध्याला लावून उभ्या राहायच्या. खरं म्हणजे पाऊस थांबला तरी माझ्या पानांतून तो कितीतरी वेळ गळत असतो. तरी त्या म्हणायच्या, "मोहाखाली बरं वाटते बाई."

घाबरलेलं माणूस तुमच्याकडे धावत येतं, याच्याएवढा मोठा मान जगात दुसरा नाही. मला तो वर्षानुवर्षं मिळाला. म्हणूनच तो गेला तेव्हा इतकं झोंबलं.

आधी ती व्हॅन आली.

सचिन मोठा झाला आणि वरठीच्या स्टेशनवरून सवाऱ्या नेण्याच्या कामाला लागला. मग एक दिवस पांढरी, जुनी, दोन जागी पोचे पडलेली व्हॅन घेऊन तो शेतात आला. दार सरकवलं की सगळ्या बांद्यांतले बगळे उडून जातील असा तिचा आवाज. दादाजीनं तिची पूजा केली. नारळ फोडला. कुठं? माझ्या सावलीत! माझ्याच सावलीत उभी राहून ती माझ्याच माणसाकडून कुंकू लावून घेत होती. मी वरून दोन पिकली पानं तिच्या कपाळावर टाकली. दादाजीनं ती पानं उचलून फेकली आणि गमछ्यानं तिची काच पुसली. त्यानं माझं कधी काही पुसल्याचं मला आठवत नाही.

हळूहळू बायांच्या शिदोऱ्याही व्हॅनमध्ये ठेवल्या जाऊ लागल्या. "झाडावर मुंग्या लागतात," असं म्हणे. इतकी वर्षं मुंग्या नव्हत्या काय?

मी स्वतःची समजूत घालत असे. डबाच तो. पत्र्याचा, डिझेलच्या वासाचा. त्याला ना फूल ना फळ. ढग वाजले की बाया कुणाकडे धावतात ते बघू.

मग रुपा आली.

सचिनची बायको. तिचं माहेर गोसीखुर्दच्या धरणात गेलेलं. धरणाखाली बुडालेल्या गावातले लोक जिथं नव्यानं वसवले, तिथली ती. उंच, बोलायला थोडी, चालायला झपाझप. लग्नानंतरच्या पहिल्याच चैतात ती सासूबरोबर मोह वेचायला पहाटे आली. माझी पानं बरीचशी गळली होती आणि खाली फुलांचा सडा. दोघी टोपल्या भरत होत्या. ऊन चढल्यावर दम खायला सत्यभामाबाई माझ्या बुंध्याला टेकून बसली. रुपा मात्र दूर, उन्हात जाऊन बसली.

"इकडं ये ना वो, सावलीत. काहून अशी परक्यासारखी बसली?" सत्यभामाबाई म्हणाली.

"बरं हाय आत्याबाई, इथंच."

"झाडाचं भेव वाटते काय तुले?"

रुपानं आधी आभाळाकडे पाहिलं. निरभ्र होतं. मग उठून ती सासूजवळ आली, पण बुंध्याला पाठ लावली नाही.

"माझा भाऊ झाडाखालीच गेला, आत्याबाई. मनिष."

सत्यभामाबाईनं टोपली बाजूला सरकवली.

"धरणाच्या पाण्यात जाळं टाकाले गेला होता," रुपा सांगू लागली. "ढग वाजले तसा डोंगा काठाले लावला, पाण्यातून बाहेर आला. तेवढं त्यानं बराबर केलं. मंग पाणी आलं तं काठावरच्या झाडाखाली जाऊन उभा राह्यला. आणखी दोघं होते, ते घराकडं पळाले. ईज झाडावर पडली न झाडातून याच्यावर आली. आमी गेलो तं वाटलं, झोपला हाय. लोकं गोल करून उभे होते. कोणी हात नाई लावला. म्हणे, करंट लागन. मीच धरला त्याले, पण तवा उशीर झाला होता."

मोहाची फुलं खाली पडताना बारीक आवाज होतो. एक फूल रुपाच्या मांडीवर पडलं, ते तिनं टोपलीत टाकलं.

"मागून शहरातून लोकं आले न समजावून गेले," रुपा म्हणाली. "ईज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाई. लगेच छाती दाबली, तोंडानं श्वास देल्ला, तं एखादा वाचते बी. आन झाडाखाली तं जावाचंच नाई. हे आमाले आधी कोणी सांगतलं नाई."

सत्यभामाबाईनं सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं कुणी झाड असतं तर त्याला त्या पोरीची दया आली असती. मलाही आली, पण थोडीच. बाकी मी धुमसत राहिलो. ते धरणाच्या काठचं कुठलं झाड, मी त्याची माझी ओळख ना पाळख. त्याचा गुन्हा माझ्या माथी कशाला?

त्या पावसाळ्यात रोवणा सुरू झाला तसं माझं भय खरं ठरलं. दुपारची वेळ होती. दूर कुठंतरी ढग गुरगुरला. बाया कमरेत वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं रोवत होत्या. रुपानं मान वर केली आणि हातातली पेंढी धुऱ्यावर ठेवली.

"मामाजी, गडगडून राह्यलं. बाया काढा बांदीतून."

दादाजी धुऱ्यावर फावड्यानं पाणी वळवत होता. त्यानं हसून विचारलं, "अजून एक थेंब नाई पडला न तू काम बंद करून राह्यली? मंग रोवणा कोण करन?"

"थेंबाची वाट नोका पाहू. ढग ऐकू आला म्हणजे ईज इथवर येऊ शकते. पाणी येवाच्या आधीच पडते कधी कधी."

"आन मग हा मोह कायसाठी हाय? माझ्या आज्यापासून लोकं याच्याखाली उभे राहून राह्यले. झालं काय कोणाले काई?"

"नाई झालं हे नशीब, मामाजी. या पट्ट्यात सगळ्यात उंच हाच हाय. ईज उंचच पाहते."

दादाजीचा चेहरा उतरला. बायांसमोर सुनेनं बोललेलं त्याला लागलं. रोवण्याच्या बायांची म्होरकी शकुनबाई, शेजारच्या गावची, तोंडानं फटकळ, पण माणूस सोन्यासारखी. तिनं कंबर सरळ केली आणि म्हणाली, "चला वो बायांनो, सुनबाईचं ऐका. मरनाचं काई सांगता येत नाई, पण बसाले तं भेटते!"

हसत हसत सगळ्या निघाल्या. माझ्याकडे नाही. पांदणीवर उभ्या असलेल्या व्हॅनकडे. त्या दिवशी बाया थोड्याच होत्या, सगळ्या मावल्या. दार सरकलं, काचा वर गेल्या. "लोखंडाले हात लावू नोका," असं रुपा सांगत होती. एवढ्या पत्र्याच्या डब्यात बसल्यावर विजेपासून कसं काय वाचतं माणूस? सचिननंही तेच विचारलं. रुपा म्हणाली, "ईज आली तं वरच्यावर पत्र्यातून जमिनीत जाते. आत बसलेल्याले काई होत नाई. काच मात्र बंद पायजे." म्हणजे नुसता आडोसा नाही, त्या डब्याला विद्याही येत होती. माझा अगदी कोळसा झाला.

मी पावसात एकटा उभा राहिलो. एकटा नाही; दादाजी माझ्याखाली आला. पाठ माझ्या बुंध्याला लावून, हट्टानं. काचेमागून सत्यभामाबाई त्याला हात करून बोलवत होती. तो तिकडे बघत नव्हता. वीज त्या दिवशी दूरच राहिली. पाऊस उघडल्यावर तो हळूच मला म्हणाला, "पाह्यलं काय? झालं काय काई?"

त्याच्या बांदीत आता सुनेचा हुकूम चालत होता आणि माझी माणसं डब्यात बसत होती. आम्ही दोघं एकाच दुखण्याचे रोगी झालो होतो. मला तो त्या वेळी जितका जवळचा वाटला तितका कधीच वाटला नव्हता.

पुढं हे दर वेळचंच झालं. ढग वाजला की बाया व्हॅनकडे आणि म्हातारा माझ्याकडे. सचिन समजवायचा, सत्यभामाबाई रागवायची. रुपा एकदाच बोलायची. पण पाऊस थांबेपर्यंत तिची नजर माझ्या शेंड्यावरून हलायची नाही. मला वाटायचं, ही माझा द्वेष करते. करो बापडी. मीही काही कमी करत नव्हतो.

गेल्या पावसाळ्यात पाणी उशिरा आलं. पऱ्हे वाढून बसले होते, आणि पाऊस आला तसं सगळ्या गावाचा रोवणा एकदम निघाला. दादाजीच्या बांदीत शकुनबाईची मोठी टोळी उतरली होती. सकाळपासून हवा गच्च. पान हलत नव्हतं. जेवणानंतर वैनगंगेच्या अंगानं ढग चढले, निळेकाळे, एकावर एक रचल्यासारखे.

पहिला आवाज आला तसा रुपानं पुकारा केला. बाया लगबगीनं बाहेर आल्या, आता त्यांना सवय झाली होती. पण सगळ्या एका खेपेला व्हॅनमध्ये मावणं शक्य नव्हतं. वयानं मोठ्या बाया आधी बसल्या. "शाळेच्या पक्क्या खोलीत सोडून असाच वापस येतो," सचिन म्हणाला. शकुनबाईनं सत्यभामाबाईला हाताला धरून ओढलं, पण ती चढेना. दादाजी अजून दूरच्या बांदीत पाण्याचं तोंड बांधत होता. "हे आल्यावर येतो मी," ती म्हणाली. व्हॅन निघाली.

आणि तेवढ्यात आभाळ अगदी डोक्यावर येऊन फुटलं.

"आता पळू नोका!" रुपा ओरडली. "पाण्यातून बाहेर या. फावडं-बिवडं टाका तिथंच. झाडाकडं नोका जाऊ, तिकडं तारेचे खांब हायेत, तिकडं बी नोको. त्या पडीत चला, खोलगट हाय तिथं!"

धुऱ्यापलीकडे थोडी पडीक जागा आहे, बांद्यांपेक्षा खाली. पाणी तिथं साचत नाही. तिथं तिनं बायांना बसवलं. उकिडवं. दोन्ही पाय जुळवून, टाचा वर, डोकं गुडघ्यात, हात कानांवर. "आडव्या पडू नोका. जमिनीले जितकं कमी टेकाल तितकं बरं." एक पोरगी भ्यायली आणि शेजारणीला घट्ट बिलगली. रुपानं तिला सोडवलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि दूर नेऊन बसवलं. "दूर दूर बसा वो, बायांनो. एकीवर आली तं सगळ्यांवर नाई आली पायजे." मग ती स्वतःही तशीच बसली.

भेदरलेली माणसं, आणि त्यांना एकमेकींचा हातसुद्धा धरायचा नाही! मला ते फार निष्ठुर वाटलं. माझ्याखाली असत्या तर कशा बिलगून उभ्या असत्या.

तेवढ्यात दादाजी आला. पळत, धापा टाकत, पाण्यानं निथळत. सरळ माझ्याकडे. त्याची पाठ माझ्या सालीला लागली आणि माझ्या मुळांपर्यंत आनंद गेला. डबा गावाकडे गेला होता. सून पडीत तोंड लपवून बसली होती. आणि माझा माणूस माझ्यापाशी होता. मी जिंकलो होतो.

मग काहीतरी होऊ लागलं. माझ्या शेंड्याची बारीक पानं वारा नसताना थरथरली. कुणीतरी मला मुळापासून वर ओढतंय असं वाटू लागलं, अंगातलं सगळं पाणी शेंड्याकडे निघालं. वरून चट्‌चट्‌ असा आवाज येत होता. दादाजीच्या हातावरचे केस उभे राहिले. त्यानं हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. त्याला काही कळलं नाही. मला कळलं.

जा, म्हणायला मला तोंड नव्हतं. मी एक वाळकी फांदी खाली टाकली. त्यानं ती पायानं बाजूला सारली.

पडीतून सत्यभामाबाई उभी राहिली.

"आत्याबाई! बसा खाली!" रुपाचा आवाज चिरका झाला होता.

"बसतो. त्यायले घेऊन बसतो." ती चालायला लागली. सरळ उभी, भर पावसात, माझ्या दिशेनं. "अजी!" तिनं हाक मारली. "तुमी तिथं तं मी बी तिथंच. एकटे काहून मरता?"

"अवो, येऊ नोको! बस तिथंच!" दादाजी ओरडला.

"तुमी येता, का मी येऊ?"

ती थांबत नव्हती. दादाजीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याचा तळहात माझ्या सालीवर होता. मग तो हात निघाला आणि तो पळाला. धुऱ्यावरून घसरला, उठला, पुन्हा पळाला आणि जाऊन तिचा हात धरला.

माझ्याकडे धावत येताना मी त्याला आयुष्यभर पाहिलं होतं. माझ्यापासून धावत जाताना पहिल्यांदा पाहिलं. आणि सांगू काय, आभाळ माझ्यावर उतरत होतं त्या घटकेलाही मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. नुसती चार पावलं चालून तिनं त्याला माझ्यापासून नेलं होतं. मला साध्या शब्दानंही त्याला घालवता आलं नव्हतं.

"हात सोडा एकमेकांचे! दूर व्हा! बसा, बसा!" रुपा किंचाळत होती. दोघं एकमेकांपासून बाजूला झाली, उकिडवी बसली, डोकी गुडघ्यांत गेली.

आणि ती आली.

विजेचा उजेड मला दिसला नाही, आवाज ऐकू आला नाही. आतल्या आत उकळल्यासारखं झालं. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत माझी साल फाटली आणि तिचे पट्टे बांदीत उडाले. खालची जाड फांदी, जिला सचिनची झोळी बांधत, ती उभी चिरत गेली आणि कोसळली. दादाजी जिथं पाठ टेकून उभा होता, नेमकी तिथं.

शुद्धीवर आलो तेव्हा माझ्यातून धूर निघत होता. पडीतल्या बाया रडत होत्या, पण सगळ्या हलत होत्या. सत्यभामाबाई हातांवर उठून बसली होती. दादाजी मात्र कुशीवर पडला होता.

"हात नोका लावू! करंट लागन!" कुणीतरी ओरडलं.

"नाई लागत!" रुपा उठली. "नाई लागत करंट! किती वेळा सांगू?" चिखलात पाय रुतवत ती त्याच्यापाशी पोचली, त्याला उताणा केला, नाकाशी गाल नेला, छातीवर कान ठेवला. रुपा तशीच कान लावून राहिली, खूप वेळ. मग तिनं मान वर केली. ती रडत होती.

"हाय," ती म्हणाली. "श्वास हाय. जित्ते हायेत मामाजी."

पांदणीवरून व्हॅन उड्या मारत आली. सचिननं बापाला उचलून आत ठेवलं. सत्यभामाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, बाकीच्या बाया दाटीवाटीनं बसल्या, आणि दार तोच घाणेरडा आवाज करत बंद झालं. मी अर्धा चिरलेला, धुमसत उभा होतो. मागं वळून कुणी पाहिलं नाही. मी त्याला इतकी वर्षं सावली दिली, आणि दवाखान्यात त्याला ती घेऊन गेली.

बरेच दिवस शेतात कुणी आलं नाही. मग राहिलेला रोवणा उरकायला बाया आल्या, मला लांबूनच बघून गेल्या. दादाजी बरा झाला, पण त्याच्या एका कानाची ऐकण्याची ताकद गेली ती गेलीच. गावातले लोक सचिनला सांगू लागले, ईज पडलेलं झाड शेतात ठेवू नये, तोडून टाक. दिवाळीनंतर, धान कापून झाल्यावर, तो करवतवाल्याला घेऊन आला. दादाजी, सत्यभामाबाई, रुपा, सगळे होते. दादाजीनं माझ्याकडे पाहिलं आणि करवतवाल्याला वाट सोडली. त्याच्यात आता हट्ट उरला नव्हता. मला वाटलं, संपलं.

"तोडता कायले?" रुपा म्हणाली.

सचिन बघतच राहिला. "तूच तं म्हणत होती…"

"मी म्हणत होतो, ढग वाजला तं याच्याखाली उभं नोका राहू. तोडा म्हणून कवा म्हटलं? त्याचा काय गुन्हा? उंच वाढला हाच काय? एक अंग जित्तं हाय त्याचं. चैतात आत्याबाई मोह कुठं वेचतील मंग?"

करवतवाला चहा पिऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी रुपा घमेलं भरून शेण आणि माती घेऊन आली आणि माझ्या चिरेवर हातानं लिंपण घालू लागली. मी तिच्याबद्दल जे जे वाईट चिंतलं होतं ते सगळं तिच्या बोटांखाली होतं. लिंपून झाल्यावर हात धुतले आणि जाऊन बसली. कुठं, ते सांगायला हवं काय? व्हॅनमध्ये, सचिनशेजारी. आणि माझं लिंपण ओलं असतानाच मी पुन्हा जळलो. स्वभावाला औषध नाही.

या चैतात माझ्या एका अंगाला फुलं आली. थोडी, पण गोड. सत्यभामाबाई आणि दादाजी पहाटे येतात, ऊन चढेपर्यंत वेचतात आणि मग माझ्या उरलेल्या सावलीत बसतात. तिला आता त्याच्या चांगल्या कानाशी मोठ्यानं बोलावं लागतं, म्हणून त्यांचं सगळं बोलणं मला ऐकू येतं. काल ती त्याला सांगत होती की शकुनबाईनं आपल्या गावातही तोच नियम लावलाय. "ढग वाजला का बांदी सोड." व्हॅन हल्ली माझ्याखाली उभी नसते. रुपा तिला पांदणीवर, माझ्यापासून दूर लावायला लावते. सावली पुन्हा एकट्या माझी झाली, आणि तिथं बसणारे कधी उठून जातील याचा नेम राहिला नाही.

या पांदणीनं तुम्ही कधी आलात, तर ऊन असेल तेव्हा माझ्यापाशी या. शिदोरी सोडा, पाठ टेका, हवं तर झोपा. पण ढग वाजला की उठा. घास हातात असला तरी उठा. पक्कं घर जवळ असेल तर घरात जा, नाहीतर काचा चढवून त्या पत्र्याच्या डब्यात बसा. तेही नसेल तर पाण्यापासून, खांबांपासून आणि माझ्यापासून दूर, खोलगट जागेत पाय जुळवून बसा. मला वाईट वाटेल म्हणून रेंगाळू नका. मला वाईट वाटणारच आहे. शेवटचा ढग वाजून गेल्यावर चांगला अर्धा तास तिकडेच काढा, मग सावकाश या. मला कुठं जायचंय?

बघा, त्या अंगाला काळं भरून येतंय, आत्ताच ढग वाजला. दादाजीला ऐकू आलेला नाही, पण सत्यभामाबाई टोपली उचलून उभी राहिली. निघा तुम्हीही.